तुम्ही विचारलंत म्हणून: बंध ध्रुवीय, मग रेणू का नाही?

कार्बन डायऑक्साइडमधले दोन्ही बंध ध्रुवीय (म्हणजे इलेक्ट्रॉन एका अणूकडे जास्त ओढलेले) असताना अख्खा रेणू अध्रुवीय कसा, हे मालवणात रसायनशास्त्र शिकवताना मला दरवर्षी विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला बहुधा एका ओळीचे उत्तर हवे असते. तसे उत्तर मी अनेक वर्षे दिले: "रेणू सममित असला की अध्रुवीय." ते अगदीच चुकीचे नव्हते, असे मला आजही म्हणावेसे वाटते, पण त्यात दिशेचा उल्लेख नव्हता, हेही खरे.

एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, पाण्यातही ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना हायड्रोजनच आहे. मग तेही सममितच ना?" अभ्यासक्रम मागे पडला होता. "पाठ कर, एका गुणाला येते," एवढे बोलून मी फळ्याकडे वळलो. तिने वही मिटली आणि वर्षभर पुन्हा काही विचारले नाही. तिचे बरोबर होते. पाण्याचा रेणू सममित आहेच.

त्याच हिवाळ्यात एका पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणे चालले होते. दोन दोर, दूरदूर उभ्या दोन रांगा, वाळूत रुतलेल्या टाचा; प्रत्येक रांगेची ओढ तिरपी, तरी जाळे दोघांच्या बरोबर मधून किनाऱ्याकडे सरकत होते. एका रांगेत त्या मुलीचे वडील होते आणि ती पाटी घेऊन बाजूला उभी होती. मला पाहताच तिने मान फिरवली.

ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोड्यांमुळे पाण्याचा रेणू वाकतो आणि बंधांमधला कोन १०४.५ अंश राहतो. त्यामुळे दोन्ही द्विध्रुव, म्हणजे दोन्ही बंधांमधली ओढ, त्या दोरांसारखे तिरपे पडतात आणि त्यांची बेरीज, म्हणजे रेणूचा द्विध्रुव आघूर्ण, १.८५ डेबाय (हे त्याचे एकक) उरते. कार्बन डायऑक्साइडमध्ये कोन १८० अंशांचा. म्हणजे एक रांग किनाऱ्यावर, दुसरी तितक्याच जोराने होडीतून खोल समुद्राकडे ओढणारी. जाळे जागचे हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर रापण काढली. तिने ती उतरवून घेतली, पण बोलली नाही.

आणि तेही चित्र पुरे पडत नाही. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, दोघांचाही आकार पिरॅमिडचा, तरी पहिल्याचा द्विध्रुव आघूर्ण १.४७ डेबाय आणि दुसऱ्याचा जेमतेम ०.२३, कारण फ्लोरिनची ओढ नायट्रोजनवरच्या एकाकी जोडीच्या विरुद्ध दिशेला असते. ती जोडीही एक दोरच. पण ज्याच्या टोकाला कोणी उभेच नाही असा दोर फळ्यावर कसा काढायचा, हे मला अजून सुचलेले नाही.