‘तीन’ आणि ‘वार’ यांच्या मध्ये

आमच्या वनखात्याच्या लाकूड डेपोत हातोडा आहे, पण तो लिलावाचा नाही. ओंडक्यावर ठोकून खात्याचा शिक्का उमटवायचा तो. लिलावात साहेब तोंडानं म्हणतात, ‘एकवार, दोनवार, तीनवार’, आणि मी बोलीपत्रकात आकड्याखाली रेघ मारतो. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64 मध्ये लिहिलंय की हातोडा पडून किंवा इतर रूढ पद्धतीनं जाहीर झालं की लिलावाची विक्री पुरी होते, आणि तोवर कुणालाही आपली बोली मागे घेता येते. आमची रूढ पद्धत म्हणजे साहेबांचं ‘तीनवार’. ते अर्ध्यावर तुटलं तर काय, हे कुठंच लिहिलेलं नाही.

लाकडाचा सरकारी लिलाव म्हटलं की लोकांना बल्लारशाचा साग आठवतो. सांगली जिल्ह्यात तसलं काही नाही. आमच्याकडे शिराळ्याच्या डोंगराकडून पकडलेला माल येतो, वाऱ्यानं पडलेली झाडं येतात, थोडी जांभूळ, थोडा ऐन. दरपत्रकात सागाचं वेगळं पान, बाकी बहुतेक सगळं ‘आडजात’. त्या दिवशीच्या एका लॉटमध्ये आडजातीखाली तुणीचा एक ओंडका होता. सरळ, गाठ नसलेला, सावलीत पडून छान वाळलेला. दरानं तो जांभळाइतकाच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मात्र त्याला जांभळाच्या भावात कुणी मोजलं नसतं. सतारीच्या, तंबोऱ्याच्या दांडीला तूण लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या दरपत्रकापर्यंत ती बातमी काही आली नाही.

सकाळी पाहणीच्या वेळी एक पोरगा त्या ओंडक्यापाशी बसला होता. पंचविशीचा असेल. त्यानं बोट थुंकीनं ओलं केलं, कापलेल्या तोंडावर घासलं आणि वास घेतला. मग बोटाच्या पेरांनी टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वखारवाले असं करत नाहीत. ते लांबून थप्पी बघतात आणि मनातल्या मनात घनमीटर काढतात. मोजमाप आम्ही चौथाई घेरानं करतो: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 120 सेंटिमीटर घेराचा 3 मीटर ओंडका कागदावर 0.27 घनमीटर भरतो, प्रत्यक्षात असतो 0.34 च्या वर. हा शेकडा एकवीसचा फरक साल, चिरफाळी नि भुसा यांच्यासाठी सोडलेला. जुन्या वखारवाल्यांना तो तोंडपाठ. त्या पोराला मोजमापाचं काही पडलेलं नव्हतं, त्याला दांड्या दिसत होत्या. पण लॉट फोडून मिळत नाही. तूण पाहिजे तर जांभूळ, ऐन आणि एक पोकळ आंबा सगळंच उचलायचं. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “उचलतो की.”

आमच्याकडे रिंग आहे. आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सरकारी बोलीवर, म्हणजे खात्यानं ठरवलेल्या सुरुवातीच्या किमतीवर, एकानं एक पायरी चढायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि खरा लिलाव दुपारी चहाच्या गाड्यावर आपसात करायचा. वरचा फरक वाटून घ्यायचा. स्पर्धा अधिनियम, 2002 मध्ये याला संगनमतानं लावलेली बोली म्हणतात. पण दोन-अडीच घनमीटर आडजातीसाठी दिल्लीला तक्रार कोण पाठवणार? ई-लिलाव आला की रिंग मोडेल असं वरून सांगतात. रिंगवाल्यांकडे फोन नाहीत असा त्यांचा समज असावा.

लॉट पुकारला. सरकारी बोली 24,000. रिंगेच्या शेठनं 24,500 म्हटलं आणि पाणी प्यायला वळले. तेवढ्यात मागून “तीस!” आला. शेठनी वळून पाहिलं, हसले आणि म्हणाले, “पस्तीस.” तिथंच मला कळलं. हे घ्यायला नाही, चढवायला बोलतायत. नवा माणूस परत येऊ नये म्हणून त्याला एकदा महाग पडू द्यायचं, ही यांची जुनी रीत. पोरगा चाळीस, शेठ पन्नास. साठ शेठनी म्हटलं तेव्हा माझी छाती धडधडत होती; त्या लॉटची लायकी माझ्या हिशोबानं चाळिसाच्या पुढं नव्हती. पोरगा म्हणाला, “एकसष्ट.” शेठ गप्प.

“एकवार.” साहेब घड्याळाकडे बघत होते. “दोनवार.” शेठ पोराकडे झुकून अगदी मायेनं म्हणाले, “भाऊ, जीएसटी वेगळा हं. वर टीसीएसचा कर. वाहतूक परवाना, भराई तुमचीच.” पोराचा चेहरा उतरला. साहेबांच्या तोंडून ‘तीन’ निघालं आणि त्याच दमात पोरगा ओरडला, “साहेब, मागं घेतो!” ‘वार’ साहेबांनी म्हटलं, पण नंतर.

मग जो गोंधळ झाला तो झाला. अर्ध्यांचं म्हणणं लिलाव झाला, अर्ध्यांचं नाही. गंमत अशी की रिंगवाले पोराच्या बाजूनं भांडत होते. आधी मला उमगेना, मग उमगलं. बोली मागे गेली तर शेठच्या साठ हजारांचं काय? तीही मेलेली. वरची बोली आली की खालची संपते, ती पुन्हा जिवंत होत नाही. शेठ मोकळे! लॉट परत 24,000 ला पुकारायचा, पोराची हिंमत खलास, आणि माल पुन्हा 24,500 ला रिंगेत. कायदा एवढा बारकाईनं आमच्या कार्यालयात कुणी वाचलेला नाही.

साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही काय ऐकलंत?” लिलाव पुरा झाला असं ठरलं असतं तर शर्तीप्रमाणे लॉट पोराच्या जोखमीवर पुन्हा विकला असता आणि जी तूट येईल ती त्याच्याकडून वसूल. मागे घेतली असं ठरलं तर फक्त अनामत जप्त. आमच्या शर्तीत स्पष्ट आहे, एकदा बोललेली बोली मागे घेता येणार नाही, घेतल्यास अनामत जाईल. कायदा म्हणतो घेता येते. पण 2003 साली महामार्गाच्या एका निविदेच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की बोली मागे घ्यायचा हक्क वेगळा आणि अनामतीची शर्त वेगळी. शर्त असेल तर पैसे जातात. मी जे ऐकलं ते सांगितलं: “साहेब, ‘तीन’ झालं होतं, ‘वार’ नव्हतं.”

साहेब तसे निवृत्तीला टेकलेले, वादात न पडणारे. त्या दिवशी मात्र त्यांनी लॉट परत पुकारलाच नाही. “राखून ठेवला,” म्हणाले आणि पुढचा क्रमांक घेतला. शेठ चिडले, अर्ज देतो म्हणाले. दिलाही. त्यात ‘शासनाचे महसुली नुकसान’ हे शब्द होते. ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. नाही तरी प्रत्येक बोली उपवनसंरक्षकांच्या मंजुरीनंतरच पक्की होते. म्हणजे एकसष्ट मंजूर होईपर्यंत तसा करार कुणाचाच नव्हता. मग आम्ही ‘तीन’ आणि ‘वार’ यांच्यात नेमकं काय शोधत होतो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

पोराची 10,000 ची अनामत गेली. जाताना तो पुन्हा त्या ओंडक्यापाशी थांबला होता, शिपाई गेट लावायला थांबलाय म्हणून निघाला.

मी टिपणी लिहिली: तुणीचा ओंडका वेगळा लॉट करावा, वाद्यकारांना घेता येईल, खात्यालाही चार पैसे जास्त मिळतील. टिपणी आठवड्यानं खाली आली. शेरा होता: “दरपत्रकात स्वतंत्र जात नाही. तसेच सदर ओंडका वगळल्यास उर्वरित माल विक्रीयोग्य राहणार नाही.” पोकळ आंब्याकडे पाहिलं तर दुसरं वाक्य खोटं म्हणता येत नाही.