पंधरा यार्ड की दहा

शनिवारची मॅच होऊन तीन दिवस झाले, एक प्ले डोक्यातून जात नाहीये. मी ओहायोत डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या कॉलेज अमेरिकन फुटबॉलला साइड जज, म्हणजे कडेला उभा पंच असतो, आठवडाभर ऑफिस आणि शनिवारी मैदान.

लोकांना वाटतं आम्ही बॉल बघतो. अजिबात नाही. प्ले जिथून सुरू होतो त्या लाइनपासून मी वीसेक यार्ड खोल उभा, नजर माझ्या रिसीव्हरवर (पास झेलणारा) आणि त्याला चिकटलेल्या कॉर्नरवर (त्याला रोखणारा बचावपटू). क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्याने, बॉल कधी सोडला ते मला दिसतच नाही, आणि सगळा नियम तर त्यावरच उभा आहे! बॉल हवेत असताना अडवलं तर पास इंटरफिअरन्स, जास्तीत जास्त 15 यार्ड. त्याआधी धरलं तर होल्डिंग, 10 यार्ड. फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्डांसाठी नव्याने चार प्रयत्न, दोन्हीत मिळतोच, होल्डिंगला 2022 पासून कायमच. स्टँडमधले लोक 'पाच यार्डांनंतर हात लावला' म्हणून ओरडतात, तो नियम प्रो लीगचा, कॉलेजला नाहीच, पण टीव्ही बघून आलेल्यांना कोण सांगणार.

होम टीम दोन पॉइंटने पुढे, बॉल पाहुण्यांकडे, शेवटची दोनेक मिनिटं, थर्ड अँड ट्वेल्व्ह (तिसरा प्रयत्न, बारा यार्ड बाकी), बॉल होम टीमच्या गोलपासून 35 यार्डांवर. रिसीव्हर सोळा यार्ड पळून मागे वळला आणि कॉर्नरने त्याला कमरेला धरून फिरवला. याला आम्ही हुक अँड टर्न म्हणतो. हात नुसता पाठीवर असेल तर काही नाही, मी खांदा बघतो, बॉल यायच्या आधी खांदा ओढला गेला की फाउल. खांदा ओढला गेलाच. फ्लॅग टाकला.

बॅक जज, म्हणजे मधोमध सगळ्यात मागे उभा पंच, धावत आला, "बॉल वर होता?" मी म्हटलं होता. आमचा बॅक जज फार सरळ माणूस, म्हणाला धरलेलं मलाही दिसलं, वेळेचं तू सांग. पास इंटरफिअरन्स दिला, बॉल 20 वर गेला, तीनदा बॉल घेऊन पळाले तरी काहीच मिळालं नाही, मग तीन पॉइंटची 37 यार्डांची किक क्रॉसबारच्या जेमतेम वरून गेली. होम टीम एका पॉइंटने हरली. होल्डिंग दिलं असतं तर तीच किक 42 ची.

रविवारी फिल्म बघितली. कॉर्नर धरतो तेव्हा बॉल अजून क्वार्टरबॅकच्या हातात आहे. बॉल सुटतो तेव्हा हात कमरेवरच आहे, पण रिसीव्हर जवळजवळ वळून झालाय. मग अडवणं चालू होतं की संपलं होतं? पंचांचं काम तपासणाऱ्या ऑब्झर्व्हरने 'मार्जिनल' (काठावरचं) लिहून टाकलं, एका शब्दात, असल्या शेऱ्यातून आम्ही शिकायचं काय?

आज रात्री परत बघणार आहे, बॉल सुटल्यापासून पुढे, एकेक फ्रेम, फक्त तो खांदा.