कोपऱ्यातला मासा

मेल संध्याकाळी आला. पहिली ओळ आनंदाची होती: तुमचा फोटो अंतिम फेरीत पोचला आहे. दुसरी कामाची: सात दिवसांत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली काहीही न बदललेली फाइल पाठवा, शिवाय त्याच प्रसंगाच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम. स्पर्धेचं नाव सांगत नाही. पुढे जो घोळ झाला तो सगळा माझाच होता.

फोटो पाणमांजराचा. रात्र, नदीतला खडक, त्यावर नुकतंच पाण्यातून वर आलेलं जनावर, मिशांना लटकलेले थेंब आणि नजर थेट भिंगाकडे. हा फोटो निघाला तेव्हा मी अंथरुणात झोपलो होतो. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, त्याचं हे असंच असतं. मग कोणीतरी विचारतंच, ‘फोटो तुम्ही काढला की यंत्रानं?’ त्या यंत्रामागे मी ४७ दिवस घालवले होते, म्हणून मला हा प्रश्न जरा झोंबतो.

सुरुवात झाली विष्ठेपासून. पाणमांजर ठरावीक उठावदार दगडांवर पुन्हा पुन्हा विष्ठा टाकून आपली हद्द सांगतं. ती वाळली की तिच्यात माशांचे खवले आणि बारीक काटे स्पष्ट दिसतात, वासही माशाचाच. असा एक खडक सापडला, त्यावर जुनी आणि ताजी अशी दोन्ही चिन्हं होती. जवळपास कुठे पिल्लांचं बीळ नाही ना, हे आधी पाहिलं; असतं तर तिथून परत फिरलो असतो. लेखी परवानगी हातात यायला मात्र फोटोपेक्षा जास्त दिवस लागले. त्याबद्दल न बोललेलं बरं.

पहिले दोन आठवडे पूर्ण वाया गेले. मी लावलेला सेन्सर उष्णतेवर चालणारा होता. जनावराचं अंग आणि आजूबाजूची जमीन यांच्या तापमानातला फरक हलला की तो कॅमेऱ्याला इशारा देतो. हरणाला, रानडुकराला हे उत्तम लागू पडतं. पाणमांजराची फर मात्र इतकी दाट असते की अंगातली ऊब बाहेर फुटतच नाही, आणि पाण्यातून वर येताना वरचे केस पाण्याइतकेच गार असतात. सेन्सरच्या लेखी खडकावर कोणी आलेलंच नसतं. खडकावर सकाळी ताजी विष्ठा आणि कार्डात एकही फोटो नाही, असं तीनदा झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मग किरणाचा सेन्सर आणला. एका बाजूनं अदृश्य किरण सोडायचा, दुसऱ्या बाजूनं पकडायचा. मध्ये कोणी आलं की किरण तुटतो आणि कॅमेरा चालतो. अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शायरस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम आडव्या तारेनं केलं होतं. जनावर तारेला अडलं की फ्लॅशची पूड भडकायची आणि फोटो निघायचा. १९०६ साली त्यांचे रात्रीचे फोटो ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापून आले. माझ्याकडे बॅटऱ्या होत्या, पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या आणि तरीही रडगाणं होतंच. किरण खाली लावला तर बेडूक फोटो काढून घ्यायचे. वर लावला तर लव्हाळ्याचं पातं वाऱ्यानं झुकायचं आणि एका रात्रीत चारशे फ्रेम गवताच्या.

फ्लॅश मी मुद्दाम जुने वापरतो, निकॉनचे एसबी-२८. ते दिवसचे दिवस झोपून राहतात आणि इशारा मिळाला की झटक्यात जागे होतात. हा गुण नव्या, महागड्या फ्लॅशमध्ये असेलच असं नाही. तीन फ्लॅश, तिन्ही एक षोडशांश ताकदीवर. कमी ताकदीला उजेडाचा झोत इतका अल्प काळ टिकतो की उडणारा थेंबसुद्धा गोठतो, आणि जनावरही फारसं दचकत नाही. अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ ८ इतकं लहान, म्हणजे थोडं पुढचं-मागचंही स्पष्ट येतं; कारण फोकस आधीच लावून ठेवायचा आणि पाणमांजर नेमकं कुठे थांबेल हे त्यालाच माहीत.

दर पाच-सहा दिवसांनी एकदाच जायचं, ते पाण्यातून चालत, म्हणजे काठावर माणसाचा वास कमी राहतो. ४७ दिवसांत साधारण ११०० फ्रेम निघाल्या. बहुतेक गवत, एक राखी बगळा, बरेच उंदीर आणि एकदा माझंच कोपर. पाणमांजर काही मोजक्याच फ्रेममध्ये, आणि त्यातली दाखवण्याजोगी एक.

तीच स्पर्धेला पाठवली, कडा थोड्या कापून. क्रॉप करायला नियमांची हरकत नव्हती. उजळणं-गडद करणंही चालतं. फोटोतली वस्तू पुसायची नाही आणि नसलेली घालायची नाही, एवढं पाळायचं. त्या बाबतीत मी निर्धास्त होतो. रॉ फाइल शोधली, पाठवली आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी प्रश्न आला. पूर्ण फ्रेममध्ये खाली उजव्या कोपऱ्यात अर्धवट खाल्लेला मासा दिसतो आहे, तो तिथे कसा आला?

मासा! मी फाइल उघडली. होता. दगडाच्या कडेला, शेपटीकडचा भाग. माझ्या क्रॉपमध्ये नेमका तोच कोपरा गेला होता. मी तो लपवायला कापला नव्हता, डोळा मध्यापासून थोडा बाजूला यावा म्हणून कापला होता. पण समोरच्या माणसाला काय दिसणार? कॅमेऱ्यासमोर मासा टाकून जनावर बोलावलं आणि पुरावा कातरला. आमिष दाखवून काढलेले फोटो त्या स्पर्धेत सरळ बाद होत होते.

परीक्षकांचा राग मला आला नाही. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचा २००९ सालचा विजेता फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, आठवतो? तो लांडगा पाळीव असावा असा निष्कर्ष काढून आयोजकांनी पुढच्या वर्षी बक्षीस काढून घेतलं. लांडगा पाळीव असल्याचं छायाचित्रकारानं नाकारलं होतं, पण निर्णय बदलला नाही. तेव्हापासून कोपऱ्यातला मासा कोणी सोडेल ही अपेक्षाच चुकीची.

उत्तर मला माहीत होतं. छोटे मासे पाणमांजर पाण्यातच गट्टम करतं, मोठा असला तर काठावर आणून खातं. त्यानंच आणला, थोडा खाल्ला, पाण्यात उतरलं आणि परत आलं. त्याआधीच्या फ्रेममध्ये ते तोंडात मासा धरून चढताना दिसत होतं, हेही मला पक्कं आठवत होतं. आणि हेही आठवत होतं की त्या फ्रेम मी उडवल्या होत्या. हललेल्या होत्या, फोकसबाहेर होत्या. फाइलींच्या क्रमांकात ४० नंतर एकदम ४८. मेमरी कार्ड त्यानंतर दोनदा फॉरमॅट करून वापरलेलं. फाइली परत मिळवणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, तर त्यातून बाहेर आले एका कार्यशाळेतले विद्यार्थ्यांचे हसरे चेहरे. (या धंद्यात माझी चूल फोटोंपेक्षा कार्यशाळांवर जास्त चालते, त्याचंच ते फळ.)

पाचव्या दिवशी दुपारी ड्रॉवरमध्ये दुसरं कार्ड सापडलं. समोरच्या काठावर मी एक साधा, स्वस्त ट्रेल कॅमेरा झाडाला बांधला होता, जनावर कुठून येतं ते कळावं म्हणून. त्याचाही सेन्सर उष्णतेचाच, म्हणजे बिनकामाचा. त्यामुळे वैतागून मी त्याला दर मिनिटाला एक फोटो काढायला लावून ठेवलं होतं. ते हजारो करडे, धुरकट फोटो पाहायचा कंटाळा केला होता, आणि त्या आळसामुळेच ते कार्ड शाबूत राहिलं होतं.

२:१३ ला खडक मोकळा. २:१४ ला पाणमांजर, तोंडात आडवं काहीतरी लांबट. पुढची दोन मिनिटं मान खाली घालून खाताना. २:१७ ला जनावर नाही, कडेला मासा आहे. २:२१ ला जनावर परत.

फक्त माझ्या फोटोवरची वेळ होती २:१०. म्हणजे मासा यायच्या चार मिनिटं आधी. हे असंच पाठवलं असतं तर उरलीसुरली अब्रूही गेली असती. वही काढली. प्रत्येक फेरीत मी दोन्ही कॅमेऱ्यांसमोर मोबाइलचं घड्याळ धरून एक फोटो काढतो. ही सवय चांगुलपणातून आलेली नाही, पूर्वी एकदा नोंदी जुळवताना डोकं पिकलं म्हणून लावून घेतली. वहीत लिहिलं होतं: मोठा कॅमेरा ११ मिनिटं मागे, छोटा बरोबर. घड्याळाचे ते दोन्ही फोटोही जागेवर होते. २:१० अधिक ११, म्हणजे २:२१.

नऊ ट्रेल फोटो, घड्याळाचे दोन, वहीच्या पानाचा एक आणि दहा ओळींचं पत्र पाठवलं. उडवलेल्या फ्रेमबद्दलही स्पष्ट लिहिलं. सहाव्या रात्री उत्तर आलं: खुलासा मान्य, पडताळणी पूर्ण. बक्षीस काही मिळालं नाही, ते दुसऱ्याच एका फोटोला गेलं, आणि तो फोटो खरंच माझ्यापेक्षा सरस होता.

काही महिन्यांनी एका मासिकाच्या संपादकांनी पाणमांजराचा तोच फोटो मागितला. क्रॉप केलेली फाइल पाठवली. त्यांचा फोन आला, ‘पूर्ण फ्रेम आहे का?’ मी जरा दबकतच पाठवली. छापताना त्यांनी एक मिलिमीटरही कापलं नाही. फोटो दोन पानांवर पसरलाय आणि मासा उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात आहे. पान उलटताना अंगठा बरोबर त्याच्यावर पडतो.