चादरीएवढं साप्ताहिक

रोममध्ये दर रविवारी पोर्ता पोर्तेझेचा जुना बाजार भरतो. तिथे एका रद्दीवाल्याकडे मला ‘लेस्प्रेस्सो’ या इटालियन साप्ताहिकाचा १९६७ सालचा अंक मिळाला. दोन्ही हात पसरले तरी पान पुरतं उघडेना. घरी आणल्यावर शेजारच्या आजी बघतच राहिल्या. म्हणाल्या, “आम्ही याला लेन्झुओलो म्हणायचो.” लेन्झुओलो म्हणजे पलंगावरची चादर.

आमच्या घरी ‘साधना’ यायचं, त्यामुळे साप्ताहिकाची वाट बघणं मला माहीत आहे. पण एखाद्या साप्ताहिकाला सरकारनं इतकं बिचकावं, हे मला इथे आल्यावर कळलं.

आरिगो बेनेदेत्ती आणि एउजेनिओ स्काल्फारी यांनी ऑक्टोबर १९५५ मध्ये ‘लेस्प्रेस्सो’ रोममध्ये सुरू केलं. सुरुवातीचं भांडवल टाइपरायटरवाल्या आद्रिआनो ओलिवेत्तींचं. दोन महिने होतात न होतात तोच मान्लिओ कान्कोन्यी यांचा लेख आला: ‘राजधानी भ्रष्ट = देश रोगग्रस्त’. मथळ्यात चक्क बरोबरचं चिन्ह! रोमच्या जमिनी बिल्डरांच्या घशात कशा चालल्या आहेत, नगरपालिका त्यांना कशी सामील आहे, हे त्यात नावानिशी होतं. ज्या बांधकाम कंपनीवर रोख होता, तिच्यात व्हॅटिकनचा मोठा वाटा होता. कंपनीनं अब्रुनुकसानीचा दावा लावला. मथळा मात्र म्हणीसारखा लोकांच्या तोंडी बसला, आजींना तो अजून पाठ आहे.

माझ्या हातातला अंक ज्या वर्षाचा, ते तर फारच गाजलं. १९६४ च्या उन्हाळ्यात काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाचे प्रमुख जनरल दे लोरेन्झो यांनी डाव्या पुढाऱ्यांना उचलून स्थानबद्ध करण्याची योजना तयार ठेवली होती. स्काल्फारी आणि लिनो यान्नुझ्झी यांनी ती १९६७ मध्ये उघड केली. जनरलनी खटला भरला, दोघांना शिक्षाही झाली. पण १९६८ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षातर्फे दोघेही संसदेत गेले आणि त्यांचा तुरुंग टळला.

१९७५ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ‘लेस्प्रेस्सो’नं मुखपृष्ठावर क्रुसावर चढवलेली गरोदर स्त्री छापली. पोप ज्या शहरात राहतात, त्या शहरातून! कायदा १९७८ च्या मे महिन्यात झाला. त्यासाठी बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या होत्या, ते श्रेय त्यांचंच. पण विषय घराघरांत नेण्यात या साप्ताहिकाचा हात होता, असं मी मनापासून मानते.

आता आकार लहान झालाय, अलीकडे मालकही बदलले.

आजींशी बोलताना मी लेओने यांचा विषय काढला. जोव्हान्नी लेओने, इटलीचे राष्ट्राध्यक्ष. लॉकहीड विमानांच्या लाचखोरीच्या गदारोळात पत्रकार कामिल्ला चेदेर्ना यांनी त्यांच्यावर लिहिलं, ‘लेस्प्रेस्सो’नं मोहीमच चालवली आणि १५ जून १९७८ ला लेओने यांनी राजीनामा दिला. लाच घेतल्याचं त्यांच्यावर कधीच सिद्ध झालं नाही. उलट चेदेर्नाच बदनामीच्या खटल्यात दोषी ठरल्या. लेओने नव्वदीचे झाले तेव्हा, १९९८ मध्ये, त्यांच्यावर तुटून पडलेल्या रॅडिकल पक्षाच्या पान्नेल्ला आणि बोनिनो यांनी त्यांची माफी मागितली.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या संध्याकाळी आम्ही वाइन उघडली होती.” आणि त्यांनी अंकाची नीट घडी करून माझ्या हातात दिली.