लघवीत प्रोटीन निघालं तेव्हा: २४ तासांच्या टेस्टचा माझा अनुभव

सातव्या महिन्यापर्यंत माझं सगळं सुरळीत होतं. दर व्हिजिटला वजन, बीपी आणि लघवी, हे ठरलेलंच, आणि कार्डावर अल्ब्युमिनच्या, म्हणजे लघवीतल्या प्रोटीनच्या, रकान्यात दर वेळी "निल". मग ३२व्या आठवड्यात सिस्टरनी पट्टी बुडवली तर पिवळा चौकोन मिनिटभरात चांगला हिरवट झाला. त्यांनी ती बाटलीवरच्या रंगांना लावून बघितली, उजेडात नेऊन परत बघितली आणि म्हणाल्या टू प्लस आहे, म्हणजे प्रोटीन बरंच दिसतंय, मॅडमना दाखवू. बीपी १४४/९२. पायावर सूज होतीच पण ती सगळ्यांनाच येते असं घरी सगळे म्हणत होते. आता बोटांवर पण आली होती, अंगठी निघत नव्हती.

डॉक्टर मॅडमनी लगेच काही नाव दिलं नाही. म्हणाल्या अंगावरचं पांढरं जाणं लघवीत मिसळलं किंवा इन्फेक्शन असलं तरी पट्टीचा रंग बदलतो, आधी ते बघू. मग नीट धुऊन, पहिली थोडी धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायला सांगितली. तरी टू प्लसच. इन्फेक्शन आहे का बघायला ती कल्चरला पाठवली, त्यात नंतर काही निघालं नाही. मला तिथेच डाव्या कुशीवर झोपवून ठेवलं आणि चार तासांनी परत बीपी घेतलं, ते पण १४०च्या वरच. २० आठवड्यांनंतर असं दोनदा १४०/९० किंवा जास्त आलं आणि सोबत लघवीतून प्रोटीन जात असेल तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. प्लेटलेट्स, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी टेस्ट) यासाठी रक्त पण घेतलं, ते रिपोर्ट चांगले आले म्हणून २४ तासांची लघवी घरून जमवायला परवानगी मिळाली.

ही टेस्ट कशाला, तर पट्टी फक्त त्या वेळच्या लघवीचं सांगते, पाणी भरपूर प्यायलं असेल तर रंग फिका, कमी प्यायलं तर गडद, दिवसभरात नक्की किती प्रोटीन गेलं ते त्यातून कळत नाही. काही ठिकाणी एकाच सॅम्पलवर प्रोटीन आणि क्रिएटिनिनचा रेशो काढतात, तो ०.३ किंवा जास्त आला तर प्रोटीन जातंय असं धरतात. मला मात्र लॅबवाल्या दादांनी मोठा प्लास्टिकचा कॅन दिला आणि एक गोष्ट दोनदा बजावली, ती मी इथे मुद्दाम लिहितेय कारण सगळा रिपोर्ट तिच्यावर आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घ्यायची नाही, ती जाऊ द्यायची, पण वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची दिवसरात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची पण त्यातच. मधली एक जरी बाहेर गेली तरी आकडा कमी येतो. संडासला जायच्या आधी पण लघवी वेगळी घ्यायची, हे आधी सांगितलं नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही.

मी रविवार धरला, कुठे जायचं नव्हतं. आईने बाथरूममध्ये थर्माकोलचं खोकं ठेवलं, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये कॅन, कारण तो गारच ठेवायचा असतो. रात्री दर दोन तासांनी उठायचं, आई पण प्रत्येक वेळी उठायची, माप धरायची, झाकण घट्ट लावायची आणि काही न बोलता पाठीवरून हात फिरवायची. त्या रात्री मला तिचा फार आधार वाटला.

त्यात मामीचा फोन, की प्रोटीन जातंय ना मग डाळ आणि अंडी बंद कर. मॅडमना विचारलं तर त्या अगदी ठामपणे नाही म्हणाल्या. खाल्लेलं प्रोटीन काही लघवीत उतरत नाही, किडनीची गाळणी गळायला लागलीय म्हणून ते जातंय, उलट नीट जेव. मीठही पार तोडायचं नाही. घरोघरी हेच सल्ले मिळतात म्हणून सांगतेय, कृपा करून पोटुशी बाईचं जेवण असं तोडू नका.

रिपोर्ट ४१० मिलिग्रॅम आला. ३०० किंवा त्याच्या वर गेलं की प्रोटीन जातंय असं धरतात. लॅबेटॅलॉल ही बीपीची गोळी सुरू झाली, घरी बीपीचं मशीन आणलं, सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि रक्तपुरवठा बघायचे. मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं की डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना, फोनवर विचारत बसायचं नाही. तो कागद नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला होता.

खरा उपाय डिलिव्हरी हाच असतो, त्यामुळे ३७ आठवडे भरल्यावर कळा आणायचं औषध देऊन बाळंतपण केलं. मुलगी झाली, वजन थोडं कमी पण तब्येत छान. बीपी मात्र बाळंतपणानंतरही वाढू शकतं म्हणून गोळ्या चालू ठेवल्या आणि सहा आठवड्यांनी लघवी परत तपासली, निल आली. मॅडमनी सांगितलंय की पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला हे सांगायचं, कारण आधी असं झालेल्यांना १२ आठवड्यांनंतर, शक्यतो १६च्या आत, कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. म्हणून सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये लावून कपाटात ठेवलेत.