राजाच्या घरी झोपायचं, पण चादर आपली

परवा एक जुना सुती पलंगपोस घेऊन आमच्या शिंपीदादांकडे गेले. म्हटलं, ह्याची पिशवी शिवायचीय. सव्वादोन मीटर लांब, ऐंशी सेंटीमीटर रुंद, वरचं तोंड उघडं आणि एका बाजूला हातभर चीर. दादांनी टेप गळ्यातच ठेवली. "बाई, ज्वारी भरायलाव का काय?"

"नाही हो, मी झोपायलेय त्यात."

दादांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं, एकदा पलंगपोसाकडं बघितलं आणि म्हणाले, "मग जरा ढिली ठेवतो."

लेक तूरिनला शिकतोय. त्याच्याकडं जायचं ठरल्यावर घरातल्या प्रत्येकानं रोम, व्हेनिस वगैरे नावं घेतली. मला मात्र एक रात्र डोंगरातल्या घरात काढायची होती. तिकडं त्याला 'रिफूजो' म्हणतात, म्हणजे आसरा. लेकानं नकाशावर बोट ठेवलं ते ग्रान पारादिजोवर. इटलीचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९२२ सालचं. त्यातलं वित्तोरियो सेल्ला नावाचं घर २५८४ मीटरवर आहे. सेल्ला हे डोंगरांचे फोटो काढणारे मोठे गृहस्थ. १९०९ च्या केटू शिखराच्या मोहिमेत ते कॅमेरा घेऊन गेले होते. घर मात्र मुळात राजाचं शिकारीचं ठिकाण. आल्प्समधला आयबेक्स, म्हणजे मोठ्या बाकदार शिंगांचा रानबोकड, इतर ठिकाणी मारून संपवला होता. उरला तो इथंच, कारण १८५६ साली राजानं हे डोंगर स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवले. शिकाऱ्यामुळं जनावर वाचलं! आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य होऊन किती वर्षं झाली, पण आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. असो, तो वेगळा विषय, चिडायला लागले की लांबतो.

चढाई वालनोंते नावाच्या वस्तीपासून सुरू होते. तिची उंची १६६६ मीटर. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे आपला महाराष्ट्र जिथं संपतो, त्याच्याही वीस मीटर वर आमची सुरुवात! तिथून ९१८ मीटर चढ, अडीच-तीन तासांचा. वाट राजाच्या काळातली, वळणावळणानं जाणारी, त्यामुळं एकदम छातीवर येत नाही म्हणे. सोलापुरात चढायला आहेच काय? आमची बिल्डिंग चार मजली, गच्चीपर्यंत धरून चाला बारा मीटर. हिशोब केला तर साडेशहात्तर वेळा गच्ची गाठावी लागते. सध्या पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो ज्वारी घालून संध्याकाळी दहा वेळा चढते. खालच्या काकूंनी दोनदा विचारलं, "लिफ्ट बंद पडलीय का?" आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही.

तारखेनं खरा घोळ घातला. मी शाळेत शिकवते, माझी सुट्टी मे महिन्यात, आणि मे महिन्यात तिकडं वाटेवर बर्फ. जुलै-ऑगस्टमध्ये सगळी इटली डोंगरात असते. १५ ऑगस्टला त्यांचाही मोठा सण, त्या आठवड्यात खाट मिळणं अवघड. म्हणून सप्टेंबरचा पहिला आठवडा, तोही मधला वार. आधी खाट पक्की केली, मग विमान, मग रजेचा अर्ज. आदली रात्र १५३४ मीटरवरच्या कोन्ये गावात, म्हणजे सोलापूरच्या सपाटीवरून आलेल्या डोक्याला जरा सवय होईल. दुपारनंतर ढग गडगडतात, म्हणून सकाळी लवकर निघायचं.

व्हिसाच्या कागदांत त्या घराची चार ओळींची मेल लावली, तर एजंट म्हणाला, "मॅडम, हॉटेल कुठंय ह्याच्यात?" त्याला खोली नसून खाट आहे, तीही बारा अनोळखी लोकांच्या शेजारी, हे समजावण्यात अर्धा तास गेला.

मेलमध्ये जेवणाचंही विचारलं होतं. संध्याकाळचं जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकदमच, आणि शाकाहारी असाल तर आधी कळवा. कळवलं. तरी मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेणारच. हलकी, न नासणारी, वर पाठीला रुतत नाही, डोंगरासाठीच केल्यासारखी. तूप मात्र नाही. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

त्यांना न पटलेली दुसरी गोष्ट म्हणजे ही पिशवी. "पाहुण्याला अंथरूण देत नाहीत? आणि आपण सोलापूरचे! चांगली चादर घेऊन जा की." चादर काट्यावर ठेवून दाखवली, दीड किलोच्या पुढं काटा गेला. तिथं पांघरायला ब्लँकेट असतं, पण त्याच्या आत प्रत्येकानं आपली सुती पिशवी घालून झोपायचं. कारण रोज पन्नास चादरी धुवायला पाणी कुठलं, आणि सामान वर न्यायचं म्हणजे हेलिकॉप्टर नाहीतर पाठ. हे मला एका वाक्यात समजलं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या बाईला दुसरं वाक्य लागतच नाही. लग्नाला आलेले पाहुणे गेल्यावर गाद्यांच्या खोळींचा ढीग बघून मी किती वेळा बादल्या मोजल्यात!

बूट दारातच काढायचे, हे मात्र सासूबाईंना फार आवडलं. "बघ, शहाणी माणसं हैत."

काल पिशवी शिवून आली. वजन साडेचारशे ग्रॅम. दादांनी तोंडाशी नाडी घातली होती, मी न सांगता. रात्री हॉलमध्ये फरशीवर आत शिरून बघितलं. बाहेर बेचाळीस डिग्रीचा दिवस नुकताच संपलेला, पंखा गरम हवा फिरवत होता. गुडघा वर घेता येतो, कूस बदलताना मात्र सगळी पिशवी आपल्याबरोबर फिरते. पाच मिनिटांत घामानं भिजले. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, दिवा लावला, आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"नाडी आतनं सुटतीया ना गं?"

बघितलं. सुटत नव्हती. उद्या परत दादांकडं.