बिद्दू आणि बिंदू चौक

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावरून रिक्षा पकडली. आत 'मेड इन इंडिया' जोरात चाललेलं. मी म्हटलं, "मामा, हे बिद्दूचं गाणं!" मामा मागं न बघताच, "बिंदू चौकात सोडू व्हय?"

हसू आवरेना. पण चूक त्यांची नाही. 1995 चं हे गाणं आपण अलिशा चिनॉयचं म्हणून ओळखतो आणि 1980 चं 'आप जैसा कोई' नाझिया हसनचं. पोरगी तेव्हा जेमतेम 15 वर्षांची! दोन्हीमागं डोकं मात्र बेंगळुरूच्या संगीतकार बिद्दूचं. गडी साठच्या दशकात इंग्लंडला गेला, स्वतः गायला, पण नाव झालं ते दुसऱ्यांना गायला लावून. 1974 चं कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून उरल्या वेळात उरकलेलं. तेच ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या नंबरावर! नाद खुळा.

एवढं सांगेपर्यंत मिरजकर तिकटी आली. मामांनी गाणं परत पहिल्यापासून लावलं. "बघू, कुठं हाय तुमचा बिद्दू."

उतरलो शेवटी बिंदू चौकातच.